दुखते कोणाला, सही कोणाची?

फेब्रुवारी उजाडला की सांगली-मिरजेतल्या शाळा-महाविद्यालयांच्या फलकांवर भित्तिपत्रक स्पर्धेच्या सूचना लागतात. निमित्त २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाचे. पाणी वाचवा, प्रदूषण टाळा, सौरऊर्जा वापरा हे विषय वर्षानुवर्षे तेच. आता त्यांच्या रांगेत कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, येऊन बसली आहे आणि तिच्या मागोमाग एक प्रश्न: या यंत्रांना हक्क असावेत का? विषय झकास आहे. मुले उत्साहाने कामाला लागतात आणि बहुतेक पोस्टरे एकाच साच्यातून निघतात. निळ्या पार्श्वभूमीवर चकाकणारा मेंदू, माणसासारखा चेहरा असलेला रोबो आणि मधोमध तराजू. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात यंत्र, काटा बरोबर मध्यावर.

चित्र दिसायला निष्पक्ष आहे. पण पोस्टर पाहणारा मजकुराच्या आधी चित्र वाचतो. यंत्राला डोळे, नाक, ओठ काढले की ‘हा कोणीतरी आहे’ हे उत्तर प्रश्न विचारण्याआधीच देऊन झाले. काटा मध्यावर ठेवला की दोन्ही बाजूंचा पुरावा सारख्याच वजनाचा आहे, हेही सांगून झाले. तो तसा नाही. दोन्ही बाजू मांडल्या म्हणून परीक्षक खूश होत असतील, पण त्यामुळे पाहणाऱ्याला वाद कळला असे होत नाही.

सरकारी दवाखान्याच्या भिंती ही पोस्टरांची जुनी शाळा आहे. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, पोलिओचे दोन थेंब, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासा, साप चावला तर मांत्रिकाकडे नको, दवाखान्यात चला. या पोस्टरांनी काम केले, कारण प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती सिद्ध झालेली होती. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. श्रेय लशीचे, पण आई मूल कडेवर घेऊन बूथवर आली यात भिंतींचाही वाटा आहे. वादाचे पोस्टर मात्र वेगळ्या जातीचे असते. तिथे हुकूम सोडता येत नाही. वाद नेमका कुठे अडला आहे तेवढे दाखवता येते. यंत्राच्या हक्कांचा वाद कुठे अडला आहे हे समजायला संगणकाच्या प्रयोगशाळेपेक्षा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जास्त उपयोगी पडतो.

डोक्याला मार लागून आलेल्या रुग्णाची शुद्ध मोजायला डॉक्टर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. १९७४ पासून जगभर तोच तक्ता आहे. डोळे उघडण्याला ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. बोलण्याचे पूर्ण ५ गुण हवे असतील तर नाव, ठिकाण, तारीख नीट सांगावी लागते. मोबाइलमधला चॅटबॉट हे पाच गुण सहज खिशात घालेल, वर समोरच्याची विचारपूसही करेल. पण याच तक्त्यात आणखी एक तपासणी आहे. रुग्ण हाकेला ओ देत नसेल तर नखावर पेन दाबून पाहतात. वेदनेने डोळे उघडतो का? हात मागे घेतो का? चॅटबॉटसाठी हा रकाना कोराच राहतो. दाबायला नख नाही, मागे घ्यायला हात नाही. ‘मला दुखते’ असे तो लिहील जरूर. माणसांनी आजवर लिहिलेल्या अफाट मजकुरातून ‘दुखते’ हा शब्द कुठे, कसा, कोणत्या शब्दांच्या शेजारी येतो, हे तो शिकलेला आहे. ताप न येता तापाचे वर्णन अचूक करणे हे त्याचे काम आहे आणि ते तो उत्तम करतो.

इथे घाईने ‘झाले तर मग’ म्हणून फाइल बंद करता येत नाही. वेदना कोणाला होते आणि कोणाला होत नाही, याबाबत वैद्यकशास्त्राचा स्वतःचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. १९८० च्या दशकापर्यंत अनेक देशांत नवजात बालकांवर मोठ्या शस्त्रक्रियासुद्धा अगदी जुजबी भूल देऊन केल्या जात. स्नायू सैल करणारे औषध दिले की बाळ हलत नसे. बाळाच्या मज्जातंतूंची वाढ पूर्ण झालेली नसते, त्याचे रडणे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असे शिकलेली माणसे सांगत. भुलीचा धोका बाळाला सोसणार नाही ही भीतीही खरी होती. १९८७ साली भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी नीट वेदनाशामक दिले, तर त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही घटते. आयांना हे आधीपासून माहीत होते. पण आयांचे म्हणणे पुरावा म्हणून धरले जात नव्हते, आणि बाळाला बोलता येत नव्हते.

बोलता न येणाऱ्यांच्या बाबतीत असे पुन्हा पुन्हा घडले. २००६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी, बाहेरून कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुण रुग्ण स्त्रीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले. मेंदूच्या स्कॅनमध्ये निरोगी माणसात जो भाग उजळतो तोच तिच्यातही उजळला. ती ऐकत होती. आणि आपल्याकडे अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होती. तिच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा खरा प्रश्न असा होता की, तिच्या वतीने बोलायचे कोणी? ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली आणि तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. वर्षानुवर्षे तिला भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या सिस्टर म्हणत होत्या की, तिला आवडनिवड आहे, आम्हाला कळते. निकालाबद्दल दुमत असू शकते. पण एकही वाक्य न बोलणाऱ्या व्यक्तीचा हक्क देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीरपणे विचारात घेतला, हे महत्त्वाचे.

यंत्राच्या बाबतीत माणसाची खोड नेमकी उलटी चालते. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा अगदी साधा प्रोग्रॅम लिहिला. समोरचा जे लिहील तेच फिरवून प्रश्न म्हणून परत विचारणारा. त्यांची स्वतःची सचिव, जिने तो प्रोग्रॅम तयार होताना पाहिला होता, थोड्याच वेळात त्यांना म्हणाली की, जरा खोलीबाहेर जाता का, मला याच्याशी खासगी बोलायचे आहे. २०२२ मध्ये गुगलच्या एका अभियंत्याला तिथल्या लॅम्डा या एआयला जाणीव आहे असे वाटू लागले. त्याने ते जाहीर केले आणि त्याची नोकरी गेली. गप्प बसलेल्याला वेदना नाही असे मानायचे, आणि बोलणाऱ्याला आहे असे मानायचे. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच सवय आहे, बोलण्याला वेदनेचा थर्मामीटर समजण्याची. पोस्टरला दाखवायचीच असेल तर ही सवय दाखवावी. तराजूत ती मावत नाही.

या वादात डॉक्टर फार लवकर उतरले होते, हेही आता कोणाच्या लक्षात नसते. मँचेस्टरचे न्यूरोसर्जन जेफ्री जेफर्सन यांनी १९४९ साली लंडनच्या व्याख्यानात मुद्दा मांडला की, यंत्राने कविता लिहिली तरी पुरेसे नाही. ती भावनेपोटी लिहिली पाहिजे आणि आपण ती लिहिली हे यंत्राला कळले पाहिजे. पुढच्याच वर्षी अॅलन ट्युरिंग यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांना उत्तर दिले. या निकषावर शेजारच्या माणसाला मन आहे हेही सिद्ध करता येणार नाही, आपण ते सौजन्याने मान्य करतो एवढेच. आज यंत्र कविता पाडते, पण जेफर्सन यांच्या अटीचा दुसरा भाग आहे तिथेच आहे. मेंदूविज्ञान, तत्त्वज्ञान आणि संगणकशास्त्रातल्या १९ अभ्यासकांनी २०२३ मध्ये जाणिवेचे प्रचलित सिद्धान्त घेऊन तेव्हाच्या एआय प्रणाली तपासल्या. त्यातली एकही जाणीव असण्याची सबळ उमेदवार नाही, पण पुढे तशी यंत्रे बनणारच नाहीत असेही म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दरम्यान अँथ्रॉपिक या कंपनीने २०२५ मध्ये आपल्या काही एआय प्रारूपांना छळवादी संभाषण थांबवण्याची मुभा दिली. काळजी म्हणून हे ठीक आहे. मात्र जो विकतो त्यानेच आपल्या मालाला भावना असाव्यात का यावर बोलावे, तेव्हा ऐकणाऱ्याने थोडे अंतर राखलेले बरे.

आता हक्कांकडे. बोलू न शकणाऱ्यांसाठी कायदा कसा उभा राहतो, हे सांगली-साताऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे म्हणायला मात्र घटनापीठ तयार झाले नाही. एवढ्या वर्षांच्या वादात, पारावर आणि न्यायालयातही, कोणत्याच बाजूने एक युक्तिवाद केला नाही. तो म्हणजे, बैलाला दुखतच नाही. शेपूट पिरगाळली, पराणी टोचली की त्याला दुखते, हे शर्यतवाल्याला सर्वांत चांगले माहीत असते. वाद होता तो किती चालवून घ्यायचे यावर. यंत्राच्या बाबतीत ही पहिली पायरीच अजून पक्की नाही आणि चर्चा एकदम शेवटच्या पायरीवर सुरू होते.

‘पण कायद्याने व्यक्ती ठरायला वेदना कुठे लागते?’ असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारेलच, आणि तो बरोबर असेल. भारतीय कायद्यात हिंदू देवता ही कायदेशीर व्यक्ती असू शकते. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्येच ते स्पष्ट केले होते. देवतेच्या नावे मालमत्ता असते, तिच्या वतीने दावा चालतो. साखर कारखाना किंवा कंपनीही अशीच कायदेशीर व्यक्ती. दोघांनाही ताप येत नाही. पण प्रत्येकामागे नाव-गाव असलेली माणसे उभी असतात: वहिवाटदार, विश्वस्त, संचालक. हिशेब त्यांच्याकडे मागता येतो. ही सोय आहे, सन्मान नव्हे.

ही सोय कुठे बिघडते ते नदीच्या उदाहरणात दिसले. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राज्य सरकारच्या हरकतींत एक साधा प्रश्न होता. पूर आला आणि नुकसान झाले तर भरपाईचा दावा कोणावर लावायचा? दिल्लीत हा तात्त्विक वाटला असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये घराच्या छतावर बसून बोटीची वाट पाहिलेल्या सांगलीकराला तो तसा वाटणार नाही. कृष्णामाई व्यक्ती झाली असती तर पंचनामा कोणाच्या नावाने करायचा होता? धरणातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवणारी माणसे बाजूला राहिली असती आणि नदी आरोपीच्या पिंजऱ्यात.

एआयला ‘व्यक्ती’ करण्यात धोका आहे तो हाच, आणि तो उद्याचा नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये युरोपीय संसदेने एका ठरावात अतिप्रगत रोबोंसाठी ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ असा दर्जा विचारात घ्यावा असे सुचवले, तेव्हा पुढच्या वर्षी दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. कॅनडात तर प्रकरण थेट दाव्यापर्यंत गेले. आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एकाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. भरपाई मागितल्यावर कंपनीचा एक बचाव असा होता की, चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर संस्था आहे आणि आपल्या कृतीला ती स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने हा बचाव फेटाळला. यंत्राला ‘वेगळी व्यक्ती’ म्हणणारी ही हाक कोणा दयाळू प्राणिमित्राची नव्हती, पैसे द्यावे लागू नयेत म्हणून कंपनीची होती. पोस्टरमध्ये जागा कमी असेल तर बाकी सारे गाळावे, ही गोष्ट गाळू नये.

रुग्णालयात हा प्रश्न रोजचा होऊ लागला आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयरोगाच्या खुणा शोधणारी एआय साधने आज वापरात आहेत. मुंबईची क्यूअर.एआय ही कंपनी त्यातलीच. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत अशी साधने वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच शिफारस दिली. जिथे रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदाही येत नाही अशा ठिकाणी हे वरदानच आहे, त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण जत किंवा माणच्या एखाद्या वाडीतून दिवसाचा रोजगार बुडवून आलेल्या माणसाच्या फिल्मवर यंत्राने ‘सामान्य’ म्हटले आणि सहा महिन्यांनी त्याच्या थुंकीत रक्त आले, तर? दोष यंत्राचा म्हटले की तो कोणाचाच नसतो. यंत्र निलंबित होत नाही, त्याची चौकशी समिती बसत नाही, त्याला रात्री झोप न येण्याचा प्रश्न नाही. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यसेवेतील एआयसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जबाबदारी आणि रुग्णाची स्वायत्तता यांना ठळक स्थान आहे. कागदावर ते छान आहे. अहवालाच्या तळाशी माणसाची सही असली, तरच ते खाली पोचले असे म्हणायचे.

आणि हक्कांचे खटले तर सुरू झालेलेच आहेत, फक्त उलट्या बाजूने. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिले, ते त्यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध. त्याच्या आदल्या वर्षी याच न्यायालयाने अरिजित सिंग यांनाही असाच दिलासा दिला होता. नामवंतांना वकील मिळतो. ज्यांचे एक्स-रे, ज्यांचे आवाज, ज्यांचे लिखाण वापरून ही यंत्रे शिकली, त्या लाखो अनामिकांची संमती कोणी, कधी घेतली, हा प्रश्न यंत्राच्या हक्कांच्या चर्चेत क्वचितच निघतो. रोबोबद्दल हळहळणे सोपे आहे. सौदी अरेबियाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सोफिया या रोबोला नागरिकत्व दिले, तेव्हा तिथल्या बायकांना गाडी चालवायचा परवाना मिळायला अजून काही महिने होते. त्याच डिसेंबरात सोफिया साडी नेसून आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला आली आणि गर्दी उसळली. साडीमुळे ती जास्त ‘आपली’ वाटली. पोस्टर काढणाऱ्याने चेहऱ्याची आणि कपड्यांची ही ताकद ओळखून असावे.

मग पोस्टर कसे असावे? यंत्राला चेहरा नको, हात नको, निळा मेंदू नको. डावीकडे एका ओळीत नवजात बाळ, बैल, खाटेवरची रुग्ण. खाली दोनच शब्द: ‘बोलत नाही.’ उजवीकडे मोबाइलचा साधा चौकोन आणि त्यातला एक संदेश, खाली: ‘बोलतो.’ दोन्हींच्या वर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न: ‘दुखते कोणाला?’ उत्तर छापू नये, कारण उजव्या बाजूचे अखेरचे उत्तर अजून कोणाकडेच नाही. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात छातीचा एक एक्स-रे, त्यावर यंत्राने आखलेली चौकट, आणि तळाशी एक रिकामी रेघ, तिच्या शेजारी ‘सही’ एवढेच. या अर्ध्या भागाचे उत्तर माहीत आहे आणि ते पोस्टरने बिनदिक्कत द्यावे: इथे माणसाचे नाव हवे. वरचा अर्धा भाग विचारतो, खालचा सांगतो. दोन्हींना सारखाच ‘वाद’ म्हणून रंगवले तर पोस्टर देखणे होईल, पण खोटे होईल.

बाकी तांत्रिक बाबी दवाखान्याच्या भिंतींवरून उचलाव्यात. रांगेत उभ्या माणसाला दहा फुटांवरून चष्म्याशिवाय वाचता यावे. पंधरा-वीस शब्दांच्या वर जाऊ नये. इंग्रजी पोस्टरच्या मापाने ओळी एकमेकींना खेटून लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो आणि ‘दुखते’चे काहीतरी भलतेच होते, म्हणून दोन ओळींत मोकळी जागा सोडावी. लाल रंग फक्त सहीच्या रेघेला. आणि पोस्टर सभागृहात बक्षीस समारंभापुरते न ठेवता एक्स-रे खोलीच्या बाहेर, बाकड्यासमोर लावावे. तिथे माणसे तास-तास बसलेली असतात, वाचायला दुसरे काही नसते. शेजारी एक वही टांगावी, कोणाला काय वाटते ते लिहायला. पेन मात्र दोऱ्याने घट्ट बांधावे, नाहीतर पहिल्या तासाभरातच जाते.